अप-डाउनवाल्यांचं गोंदिया

नागपूरला नोकरी, गोंदियाला घर आणि मधे १३० किलोमीटरचे रूळ. राज्याच्या पूर्व टोकावरच्या या जंक्शनवर अर्धा डझन भाषा रोज सरकून एकमेकींना जागा करून देतात. तिथल्याच एका अप-डाउनवालीसोबत मारलेला हा फेरफटका.

‘गोंदिया? म्हणजे छत्तीसगडमध्ये ना?’

मुंबई-पुण्याच्या कुठल्याही ऑफिसात ओळख करून दिली की पहिल्या पाच मिनिटांत हा प्रश्न येतोच. आता माझ्याकडे त्याचं रेडीमेड उत्तर आहे. ‘सीएसएमटीला विदर्भ एक्स्प्रेस पाहिली आहेस? तिच्या पाटीवर शेवटी जे गाव लिहिलेलं असतं ना, तेच!’ समोरचा कोल्हापूरचा निघाला तर उत्तर बदलतं. महाराष्ट्र एक्स्प्रेस कोल्हापुरातून निघते, तेराशेहून जास्त किलोमीटर धावते आणि अख्खं राज्य आडवं ओलांडून गोंदियाला येऊन थांबते. म्हणजे बघा, राज्याच्या नावाची गाडी जिथे थांबते, ते गाव राज्यात आहे की नाही यावरच लोकांना डाउट!

अर्थात, डाउट यावा असा नकाशा आहे खरा. गोंदियाहून उत्तरेला निघालात तर वीसेक किलोमीटरवर बाघ नदी लागते आणि पलीकडे मध्य प्रदेश. बालाघाट फक्त चाळीस किलोमीटर. पूर्वेला रेल्वेने तासाभरात छत्तीसगड. त्या मानाने आपलं ‘मोठं शहर’ नागपूरच लांब. १९५६ पर्यंत हा सगळा मुलूख एकाच प्रांतात होता, त्याची राजधानी नागपूर होती आणि कारभार मराठी-हिंदी दोन्हींत चालायचा. पुढे सीमा आखल्या गेल्या, पण बाजारहाट, सोयरिक आणि रेल्वे पूर्वीसारख्याच चालू राहिल्या. गोंदियाला स्वतःचा जिल्हा मिळाला तो तर १ मे १९९९ रोजी, भंडाऱ्यातून वेगळा होऊन. त्या अर्थाने जिल्हा आणि मी जवळपास एकाच वयाचे आहोत.

एक स्टेशन, चार दिशा

गोंदिया समजून घ्यायचं असेल तर सकाळी साडेसहाला स्टेशनवर उभं राहा. इथून चार दिशांना रूळ फुटतात. पश्चिमेला नागपूर, पूर्वेला दुर्ग-रायपूर, उत्तरेला बालाघाट-जबलपूर आणि दक्षिणेला वडसा-चंद्रपूर. १८८०च्या दशकात नागपूरहून छत्तीसगडकडे लाइन टाकली गेली, तिथून या गावाचं नशीब फिरलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सातपुड्यातून जबलपूरकडे नॅरोगेज गेली. ती छोटी गाडी आमच्या घरातल्या मोठ्या माणसांच्या गप्पांमध्ये अजून धावते. आता तिथेही ब्रॉडगेज झालंय.

शहर या रुळांनी दोन भागांत कापलं गेलंय. एका बाजूला जुना बाजार, दुसऱ्या बाजूला रेलटोली. त्यामुळे गोंदियात पत्ता विचारला तर पहिलं उत्तर ‘पटरी के इस पार की उस पार?’ असंच येतं.

साडेसहाच्या गर्दीत गंमत अशी की, निम्मे लोक गोंदिया सोडून चाललेले असतात आणि निम्मे गोंदियात उतरत असतात. आमगाव, सालेकसा, तिरोडा, बालाघाटकडून येणाऱ्या पोरापोरींसाठी गोंदिया हेच ‘सिटी’ आहे. इथे कॉलेजं आहेत, जिल्हा न्यायालय आहे, २०१६ पासून सरकारी मेडिकल कॉलेज आहे, कपड्यांचा मोठा बाजार आहे. आम्ही ज्या नजरेनं नागपूरकडे बघतो, त्याच नजरेनं बालाघाटची एखादी फर्स्ट इयरची मुलगी गोंदियाकडे बघते. २०११च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या सुमारे १ लाख ३२ हजार होती, पण दिवसा स्टेशनबाहेर उभं राहिलं तर हा आकडा खोटा वाटतो.

‘दीदी, ये तांदूळ कैसे दिया?’

गोंदियाला राइस सिटी म्हणतात. धानाची शेती, त्याच्या मिल्स आणि पावसाळा संपला की रस्त्याने जाताना नाकात शिरणारा उसन्या तांदळाचा वास. त्याच्या जोडीला तेंदूपत्ता आणि बिडीचा धंदा. गुजराती, मारवाडी, उत्तर भारतीय कुटुंबं या धंद्यांच्या आणि रेल्वेच्या मागोमाग आली. फाळणीनंतर सिंधी आले. रेल्वेत नोकरीला बंगाली, तेलुगू, छत्तीसगडी माणसं आली आणि रिटायर होऊन इथेच राहिली. पोवार, कुणबी, लोधी, कोहळी, ढिवर, गोंड, बौद्ध ही तर इथली आधीपासूनची माणसं.

परिणाम? शहरातली रस्त्यावरची भाषा हिंदी, पण ती लखनौची नाही. ‘दीदी, ये तांदूळ कैसे दिया?’ असं विचारणारी ती हिंदी आहे. आमच्या गल्लीत एका घरात मराठी, शेजारी सिंधी, समोर पोवारी. पोवारीत ‘आहे’ला ‘से’ म्हणतात, ते मी बालवाडीत जायच्या आधीच शिकले होते. शहराबाहेर पडलं की झाडीबोली सुरू होते, जिच्यात ‘पाणी’चं ‘पानी’ होतं आणि कोणालाही त्यात काही कमीपणा वाटत नाही. सालेकसा-देवरीकडे गेलात तर ‘जय सेवा’ म्हणा. गोंडीत एवढं आलं तरी समोरचा हसून चहा विचारतो.

पुण्यात माझ्या एका रूममेटनं मला विचारलं होतं, ‘पण तू नक्की मराठीच ना? फोनवर तर हिंदी बोलतेस.’ मी आईशी मराठीत, बाबांच्या दुकानातल्या लोकांशी हिंदीत आणि शाळेतल्या मैत्रिणीशी दोन्हींच्या खिचडीत बोलत होते. गोंदियात याला कोणी नाव ठेवत नाही. एकच माणूस घरात एक, दुकानात दुसरी आणि ट्रेनमध्ये तिसरी भाषा बोलतो, इतकंच.

प्लेटमध्येही तसंच. सकाळी तर्री मारलेले चनापोहे, दहाच्या सुमारास आलूबोंडा किंवा समोसा-चना, रविवारी सिंधी दालपकवान, संध्याकाळी मुंगोडी. तलावातले झिंगे आले असतील तर मग सगळे प्लॅन कॅन्सल. आणि भात. दोन वेळा भात. गोंदियाच्या माणसाला ‘पोळी खाल्ली’ म्हटलं की तो विचारतो, ‘आणि जेवलीस कधी?’

पास मिळतो १५० किलोमीटरचा

आता मूळ मुद्द्यावर येऊ. गोंदियात राहून नागपूरला नोकरी करणं शक्य होतं ते एका साध्या नियमामुळे. रेल्वेचा मासिक पास १५० किलोमीटरपर्यंतच मिळतो आणि गोंदिया-नागपूर अंतर आहे सुमारे १३०. वीसेक किलोमीटरनं आम्ही बचावलो! गोंदिया आणखी जरा पूर्वेला असतं तर आमच्यापैकी निम्म्या लोकांची नोकरी वेगळी असती, कदाचित लग्नही.

या रोजच्या ये-जा करणाऱ्यांना इकडे ‘अप-डाउनवाले’ म्हणतात. ‘काय करतेस?’ ‘अप-डाउन.’ उत्तर पूर्ण झालं. नागपुरात नेमकी नोकरी कुठली, हे नंतर कधीतरी विचारतात.

हिशेब ऐका. एक्स्प्रेस वेळेवर असेल तर एका बाजूला साधारण दोन तास. मेमू पकडलीत तर तीनच्या वर, कारण ती गंगाझरी, काचेवानी, तिरोडा, मुंडीकोटा, तुमसर रोड, भंडारा रोड अशी सगळ्यांना रामराम करत जाते. शिवाय घर ते स्टेशन आणि इतवारी किंवा नागपूर स्टेशन ते ऑफिस. मिहानमध्ये आयटीत असाल तर अख्खं नागपूर ओलांडून दुसऱ्या टोकाला जायचं. रोजचे पाच तास धरा, महिन्याचे चोवीस दिवस. झाले १२० तास. म्हणजे महिन्यातले पाच पूर्ण दिवस-रात्री ट्रेनमध्ये.

मग नागपुरात खोली का घेत नाही? माझ्यासारख्या फ्रीलान्सरला आठवड्यातून तीन-चारदाच जावं लागतं, पण रोज जाणाऱ्यांचं गणितही फार वेगळं नाही. सुरुवातीच्या पगाराचा तिसरा हिस्सा खोलीत जातो, उरलेल्यात डबा आणि पेट्रोल. गोंदियात घर आपलं, भात आईच्या हातचा. पण खरं कारण पैशाचं नाही. ते कळायला लेडीज डब्यात यावं लागेल.

लेडीज डब्यातली परवानगी

मेमूच्या लेडीज डब्यात जागा ठरलेल्या असतात. लिहिलेलं कुठेच नाही, पण तिरोड्याच्या काकूंच्या खिडकीजवळ बसायची हिंमत कोणी करत नाही. भाज्या निवडल्या जातात, स्पर्धा परीक्षेच्या नोट्स फिरतात, वाढदिवसाला केक कापला जातो, संक्रांतीला हळदी-कुंकू आणि वाण. लॅपटॉप उघडून बसलेल्या पोरीला कोणीतरी न विचारता डब्याचं झाकण पुढे करतं, ‘खा बेटा, रात्रीपर्यंत कामच करशील.’

या डब्यातल्या तिशीच्या आतल्या बहुतेक मुलींची गोष्ट एकाच वाक्यात सांगता येते. ‘घरच्यांनी नोकरीला हो म्हटलं, कारण मी रात्री घरी येते.’ बाहेर राहायची परवानगी नाही, पण पासची आहे. तुमच्याकडे मुंबईत लोकलचा पास हा खर्च असेल. इकडे तो मुलींसाठी तडजोडीचा कागद आहे. आईबाबांना वाटतं मुलगी घरातच आहे, मुलीला वाटतं मी बाहेर पडलेय, आणि दोघांचंही खरं असतं.

मुलींच्या बाबतीत हा जिल्हा तसा मागासलेला नाही, उलट. २०११च्या जनगणनेत राज्यात दर हजार पुरुषांमागे ९२९ स्त्रिया होत्या, तेव्हा गोंदिया जिल्ह्यात ९९९ होत्या. धानाच्या बांधीत रोवणीला कंबर वाकवणाऱ्या बायांचा हा मुलूख. बाईनं काम करण्यात इकडे नवल नाही. नवल आहे ते तिनं रात्री दुसऱ्या गावी राहण्यात.

म्हणूनच गाडी रद्द होते तेव्हा फक्त गाडी रद्द होत नाही. मार्च २०२० मध्ये देशभरातल्या प्रवासी गाड्या थांबल्या. नंतर गाड्या हळूहळू सुरू झाल्या, पण पास बराच काळ बंद होते. एप्रिल-मे २०२२ मध्ये वीज केंद्रांना कोळसा पोहोचावा म्हणून देशात शेकडो प्रवासी फेऱ्या रद्द झाल्या आणि कोळशाच्या वाटेवरच असलेला आमचा मार्ग त्यातून सुटणं शक्यच नव्हतं. काचेवानीजवळ खिडकीतून ३,३०० मेगावॅटच्या वीज केंद्राच्या चिमण्या दिसतात. तिथली वीज राज्यभर जाते. तुमच्या ऑफिसातला एसी चालू राहावा म्हणून आम्ही तेव्हा मालगाड्यांना वाट देत प्लॅटफॉर्मवर बसलो होतो, असं मी पुण्याच्या मित्रांना चेष्टेत सांगते. चेष्टा निम्मीच असते.

माझ्या डब्यातली एक मैत्रीण नागपुरातल्या एका खासगी हॉस्पिटलमध्ये नर्स होती. ड्युटी सकाळची, गाडी ठरलेली. त्या काळात तिनं महिनाभर नागपुरात कॉट घेऊन राहून बघितलं. घरून रोज फोन. शेवटी वडील म्हणाले, ‘बस झालं आता.’ पुढे गाड्या सुरू झाल्या, पास सुरू झाले, मी तिला दोनदा फोन केला. ती गोंदियातच एका दवाखान्यात लागली होती, पगार बराच कमी. ‘आता पुन्हा घरी विषय काढायचा म्हणजे पहिल्यापासून सगळं,’ ती म्हणाली. डब्यातली तिची जागा सहा महिने कोणी घेतली नाही. मग एक नवीन मुलगी आली, तिला कोणीच काही बोललं नाही.

टाइमटेबल बनवणाऱ्यांना ही जागा दिसत नसणार. प्रवासी किती, उत्पन्न किती, हे दिसतं. एका मुलीनं घरात दोन वर्षं वाद घालून मिळवलेली परवानगी एका बिघडलेल्या टाइमटेबलनं कशी संपते, हे कुठल्या तक्त्यात मांडणार?

राहायचं की निघायचं?

माझ्या शाळेच्या बॅचचा व्हॉट्सअॅप ग्रुप बघितला तर तीन भाग सरळ पडतात. पुणे-हैदराबाद-बंगळुरू, नागपूर, आणि गोंदिया. पहिला गट दिवाळीला येतो, फोटो टाकतो, ‘मिस यू गोंदिया’ म्हणतो. दुसरा शनिवारी येतो. तिसरा लग्नाच्या हॉलपासून हॉस्पिटलपर्यंत सगळ्यांच्या आईवडिलांची कामं करतो. अप-डाउनवाले या तिघांच्या मधे कुठेतरी आहेत. ना इकडचे पूर्ण, ना तिकडचे.

मलाही गेल्या वर्षी पुण्यात पूर्णवेळ नोकरीची ऑफर होती. पगार चांगला, काम आवडीचं. आठ दिवस विचार केला. आई काहीच म्हणाली नाही, आणि आमच्या घरात ते सगळ्यात जड जातं. शेवटी मी नाही म्हटलं. त्याचं कारण आई नव्हती. मी लिहिते त्यातलं निम्मं मला ट्रेनमध्ये मिळतं, आणि ज्या गावात चार भाषा रोज कानावर पडतात ते सोडून एकाच भाषेत राहायचं, हे मला जमेलसं वाटेना. हे उत्तर कायमचं आहे, असं मात्र छातीठोकपणे सांगत नाही. तिशीत गुडघे काय म्हणतात, त्यावरही बरंच अवलंबून आहे!

बदल होतोय, हे खरं. ११ डिसेंबर २०२२ला नागपूर-बिलासपूर वंदे भारत सुरू झाली, तिला गोंदिया थांबा मिळाला. तिकीट पाहून अप-डाउनवाले लांबूनच नमस्कार करतात, पण परीक्षेच्या किंवा इंटरव्ह्यूच्या दिवशी तीच कामाला येते. बिरसी विमानतळ दुसऱ्या महायुद्धाच्या काळातला. तिथून डिसेंबर २०२३ मध्ये हैदराबाद-तिरुपतीकडे विमान उडालं, तेव्हा बघायला अर्धं गाव गेलं होतं. एप्रिल २०२५ मध्ये गोंदिया-बल्लारशा २४० किलोमीटर मार्गाच्या दुहेरीकरणाला केंद्रानं मंजुरी दिली, ऑक्टोबरमध्ये गोंदिया-डोंगरगड चौथ्या लाइनला. समृद्धी महामार्गही नागपूरहून गोंदियापर्यंत वाढवायचं ठरलंय. जास्त रूळ म्हणजे मालगाडीला वेगळी वाट आणि आम्हाला वेळेवरची मेमू, अशी साधी अपेक्षा आहे. लेडीज डब्यात यावर दोन मतं आहेत. एक, ‘आपण रिटायर झाल्यावर होईल.’ दोन, ‘होऊ दे, पोरींना तर मिळेल.’

दुसरं मत तिरोड्याच्या काकूंचं आहे. त्यांची मुलगी यंदा बारावीला आहे आणि नागपूरचं कॉलेज आतापासून बघून ठेवलंय. पास काढायचा की होस्टेल, हे अजून ठरलेलं नाही. काकू म्हणतात, ‘यावेळी तिलाच विचारू.’ एवढी वर्षं त्या डब्यात बसून मी ऐकलेलं हे सगळ्यात नवं वाक्य आहे.

दोन दिवस हाताशी असतील तर...

कसं जाल : मुंबईहून विदर्भ एक्स्प्रेस, पुणे-कोल्हापूरकडून महाराष्ट्र एक्स्प्रेस. नागपूरहून गाड्या दिवसभर आहेत. एकदा तरी मेमूनं या.

नवेगाव-नागझिरा : डिसेंबर २०१३ मध्ये व्याघ्र प्रकल्प झालेलं जंगल. नवेगावबांधचा तलाव कोहळी लोकांच्या जलज्ञानाची साक्ष. २०२५ मध्ये आपल्यातून गेलेले अरण्यऋषी मारुती चितमपल्ली यांनी इथे राहून हे जंगल मराठीत आणलं.

सारस : महाराष्ट्रात सारस पक्षी उरलेत ते मुख्यतः गोंदियाच्या धानबांध्यांत, आणि तेही मोजकेच. लांबूनच बघा, हाका मारू नका.

कचारगड : दरेकसा स्टेशनजवळच्या डोंगरातल्या गुहा, गोंड समाजाचं श्रद्धास्थान. माघ पौर्णिमेला अनेक राज्यांतून भाविक येतात. पावसाळ्यात जवळचा हाजरा फॉल चालत्या ट्रेनमधूनही दिसतो.

नोर्गेलिंग : अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगावजवळ १९७२ पासून वसलेली तिबेटी वसाहत. मोनॅस्ट्री, प्रार्थनेच्या पताका आणि आजूबाजूला धानाची शेतं. थंडीत इथली बरीच मंडळी स्वेटर विकायला शहरांकडे जातात. म्हणजे तीही अप-डाउनवालीच!

काय घ्याल : नवा तांदूळ. कुठला, ते दुकानदाराला विचारा. उत्तर किमान अर्धा तास चालेल, आणि कमीत कमी दोन भाषांत मिळेल.